शेवटची गाडी आणि गेटची वेळ: ‘पसंती’ मोजताना मी केलेली चूक

पीएच.डी. प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, विषय तर ठरलाय, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?’ यावर पुस्तकातली व्याख्या सांगून काही होत नाही, हे मला आता कळलंय. म्हणून आज माझ्याच प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात झालेली चूक सांगते. ती पकडली गेली नसती तर पुढची तीन वर्षं मी चुकीचं उत्तर सिद्ध करत बसले असते.

विषय असा: पुण्यातले विद्यापीठाचे विद्यार्थी सुट्टीत जवळच्या शहरांत फिरायला जातात, ते कुठे जातात, किती वेळ थांबतात आणि रात्र तिथेच काढतात का? माझ्या घरी अजूनही समज आहे की मी ‘पोरं कुठे भटकतात’ ते मोजते, आणि त्यासाठी सरकार फेलोशिप देतं याचं आईला नवल वाटतं. पण विचार करा. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं होतं. फिरायला, नाटक बघायला, मित्राकडे जाण्याचा प्रवास अशा नोंदींत येतच नाही. आणि शहरात नव्याने आलेल्या विशीतल्या माणसाला ते शहर, ते राज्य ओळखीचं होतं ते बरंचसं अशाच प्रवासांतून.

मी सुरुवात केली ती सगळे करतात तशी, गुरुत्वाकर्षणाच्या प्रतिमानापासून. १९३१ मध्ये विल्यम रायली यांनी खरेदीसाठी माणसं कोणत्या शहराकडे ओढली जातात यासाठी ते वापरलं, आणि १९४६ मध्ये जॉर्ज झिफ यांनी शहराशहरांमधल्या प्रवासासाठी. कल्पना न्यूटनचीच. शहर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, अंतर जितकं जास्त तितकी ओढ कमी. झिफ यांनी नुसत्या अंतराने भागलं होतं, पुढे अनेकांनी अंतराचा वर्ग घेतला.

आपण करून बघू. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, पुण्याहून रेल्वेने अंतर १९२ किलोमीटर. लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे ५८ हजार, अंतर ६४ किलोमीटर. म्हणजे मुंबई लोकसंख्येने साधारण २१४ पट मोठी आणि अंतराने तिप्पट लांब. तीनचा वर्ग नऊ. २१४ भागिले ९, म्हणजे मुंबईची ओढ लोणावळ्याच्या जवळजवळ २४ पट! जुलैतल्या रविवारी सकाळी शिवाजीनगर स्टेशनवर लोणावळा लोकलला जे लटकलेत, त्यांना हा आकडा सांगून बघा.

इथे लगेच ‘प्रतिमान चुकीचं आहे’ म्हणून फेकून देऊ नका, ही सवय वाईट. पहिली दुरुस्ती सोपी आहे. लोकसंख्या हे आकर्षणाचं माप नाही. लोणावळ्याला कोणी तिथल्या ५८ हजार लोकांना भेटायला जात नाही, पावसाला भेटायला जातं. मग मी आकर्षणासाठी वेगळी मापं घेतली, अंतराऐवजी प्रवासाचा वेळ घेतला, आणि ओळखीच्यांकडून एक छोटी प्रश्नावली भरून घेतली. फॉर्मवर एक गोष्ट चटकन दिसत होती. रात्री उशिराच्या किंवा मुक्कामाच्या फेऱ्या मुलांच्या फॉर्मवर जास्त, मुलींच्या कमी. मी मसुद्यात ऐटीत लिहिलं: ‘विद्यार्थिनी दिवसभराच्या सहलींना पसंती देतात.’

मार्गदर्शक मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, ‘तुझ्या होस्टेलचं गेट किती वाजता बंद व्हायचं गं?’

दहा वाजता. एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं मी पुण्यातल्या ज्या वसतिगृहात काढली, तिथे रात्री दहाला कुलूप आणि सकाळी सहाला उघडणार. बाहेर राहायचं तर स्थानिक पालकाची चिठ्ठी. मी स्वतः दोन वर्षं घड्याळाकडे बघत धावलेय, आणि तरी लिहिताना ‘पसंती’ हा शब्द माझ्या हातून इतक्या सहज उतरला. याचं मला आजही वाईट वाटतं.

यानंतर मॅडमनी वाचायला दिलेला निबंध म्हणजे स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांचा, १९७० मध्ये छापलेला. मिळाला तर जरूर वाचा, पानं फार नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस कुठे गेला हे समजून घ्यायचं तर आधी तो कुठे जाऊ शकत होता हे बघा. त्या ‘शकण्या’वर ते तीन प्रकारची बंधनं सांगतात. पहिलं क्षमतेचं: झोपावं लागतं, खावं लागतं, आणि हातात असलेल्या वाहनाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जाता येत नाही. दुसरं जुळवणीचं: चौघांचा ग्रुप, त्यांची एकच मोकळी तारीख आणि गाडीची वेळ हे सगळं एका जागी जुळावं लागतं. (ग्रुपमधले निम्मे प्लॅन इथेच मरतात, ते सांगायला स्वीडनची गरज नाही.) तिसरं अधिकाराचं: एखादी जागा कोणाला, किती वाजेपर्यंत उघडी, हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. आमचं गेट या तिसऱ्या खान्यात बसतं.

हे कागदावर काढता येतं. आडव्या अक्षावर पुण्यापासूनचं अंतर घ्या, उभ्या अक्षावर घड्याळ. सकाळी सहाला तुम्ही वसतिगृहाच्या बिंदूवर आहात. तिथून जास्तीत जास्त वेगाने बाहेर जाणारी तिरकी रेघ काढा. रात्री दहाला परत त्याच जागी यायचंय, तर तिथून मागे जाणारी तशीच रेघ. दोन्ही दिशांना काढलं तर पतंगासारखा आकार होतो. या आकाराला प्रिझम म्हणतात. पतंगाच्या आतलं सगळं तुम्हाला शक्य, बाहेरचं कितीही आवडलं तरी अशक्य.

आता मुंबईचा हिशोब. सहा ते दहा म्हणजे १६ तास. डेक्कन क्वीनने जायला ३ तास १० मिनिटं, यायला ३ तास १५ मिनिटं. वसतिगृह ते पुणे स्टेशन जाऊन-येऊन दीड तास धरू. उरतात ८ तास ५ मिनिटं. बरेच आहेत की! पण क्वीन सहाला निघत नाही, ती निघते सव्वासातला. मुंबईला पोहोचते १०.२५ ला आणि परतीला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटते ५.१० ला. हातात प्रत्यक्ष आले ६ तास ४५ मिनिटं. उरलेला १ तास २० मिनिटं कुठे गेला? अर्धा तास सकाळी, कारण सहाला निघून उपयोग नाही, आणि ५० मिनिटं रात्री, कारण तुम्ही ९.१० लाच दारात पोहोचलात. हा वेळ तुमचाच होता, पण वेळापत्रकाने तो मुंबईत वापरू दिला नाही. या पावणेसात तासांत जहांगीर आर्ट गॅलरी आणि काळा घोडा आरामात होतो, स्टेशनपासून चालत. पण संध्याकाळी सातनंतर सुरू होणारं काहीही, जुहूला पृथ्वीवरचा प्रयोग असो की वानखेडेवरची दिवस-रात्र मॅच, पतंगाच्या बाहेर.

खरी गंमत पुढची आहे, आणि ती मला माझ्या रूममेटच्या फॉर्मने शिकवली. काळा घोड्याला प्रदर्शन बघायला ती एकटी गेली होती. परतताना क्वीन थोडक्यात चुकली. पुढची सिंहगड एक्स्प्रेस ५.५० ला, म्हणजे फक्त ४० मिनिटांनी. पण ती पुण्याला पोहोचते पावणेदहा-दहाच्या सुमारास. तिथून वसतिगृह पाऊण तास. गेट बंद. नंतरच्या गाड्या आणि रात्रीच्या शिवनेरी बसही आहेत, पण त्या मध्यरात्री किंवा त्यानंतर पुण्यात आणून सोडतात, आणि मग सहा वाजेपर्यंत पुण्याच्या रस्त्यावर करायचं काय? चिठ्ठी नव्हती. घरी सांगायची सोय नव्हती. तिने सरळ पहाटे ५.४० च्या इंद्रायणीचं तिकीट काढलं आणि रात्र स्टेशनच्या प्रतीक्षालयात, बॅग पोटाशी धरून, जागून काढली.

माझ्या फॉर्ममध्ये याची नोंद काय झाली बघा. मुंबईतला वेळ: १९ तास १५ मिनिटं. रात्र बाहेर: होय. उद्देश: मनोरंजन.

चाळीस मिनिटांच्या चुकीने पावणेसात तासांचे सव्वाएकोणीस तास झाले. मधलं काही शक्यच नव्हतं. दहाला किंवा त्याआधी परत, नाहीतर थेट सकाळ. म्हणजे ज्या नियमाने मुलींनी रात्री बाहेर राहू नये असं अपेक्षित होतं, त्याच नियमाने तिला रात्रभर बाहेर ठेवलं. आणि संख्याशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर अशा वसतिगृहातल्या फेऱ्यांचा आलेख काढला की एक उंचवटा संध्याकाळच्या परतीचा आणि दुसरा दुसऱ्या सकाळचा दिसायला हवा, मध्ये दरी. अशी दरी दिसली की सरासरी काढू नका. ‘मुंबईत सरासरी १३ तास’ हा आकडा अशा कोणाचंच वर्णन करत नाही.

म्हणजे माझ्या मसुद्यात चुका दोन होत्या, त्याही उलट्या दिशेच्या. जी रूममेट रात्री थांबू इच्छित नव्हती, ती ‘मुक्काम पसंत’मध्ये गेली. आणि ज्या मुली नाटक बघायची फार इच्छा असूनही गेल्याच नाहीत, त्या ‘दिवसाची सहल पसंत’मध्ये गेल्या, किंवा फॉर्ममध्ये आल्याच नाहीत. घडलेल्या वागण्यावरून पसंती ओळखण्याची पद्धत अर्थशास्त्रात रुळलेली आहे, पण तिच्यात एक गृहीतक असतं: समोरचे पर्याय खरोखर खुले होते. ते तपासल्याशिवाय ‘पसंती’ हा शब्द लिहायचा नाही.

कोणी म्हणेल, एका शब्दाने काय बिघडतं? बिघडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीत, सुरक्षिततेचं कारण देऊन वसतिगृहातल्या मुलींवर मुलांपेक्षा भेदभावाचे नियम लादू नयेत, असं म्हटलेलं आहे. तरी गेटची वेळ बदलायची मागणी आली की बैठकीत पहिला प्रश्न असतो, ‘पण मुलींना हवंय का?’ अशा बैठकीत कोणीतरी माझा प्रबंध उघडून ते वाक्य वाचून दाखवलं असतं. गेटने तयार केलेला आकडा, गेटच्याच समर्थनाला.

आता मी प्रश्न कसे बदलले ते सांगते. ‘तुम्ही महिन्यातून सरासरी किती वेळा मुंबईला जाता?’ हा प्रश्न काढून टाकला, कारण सरासरी कोणाच्या डोक्यात नसते, लोक अंदाज ठोकतात. त्याऐवजी शेवटच्या एकाच फेरीबद्दल विचारते: परत किती वाजता यायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात किती वाजता आलात, फरक पडला तो कशामुळे. शिवाय न झालेल्या फेरीबद्दल एक प्रश्न: जायचं ठरवून रद्द केलेला शेवटचा बेत कोणता, आणि का. गेटची वेळ, चिठ्ठीची अट आणि स्टेशनपर्यंतचा वेळ हे वेगळे रकाने. मग प्रत्येकाचा पतंग काढता येतो आणि आतल्या पर्यायांमधूनच निवड तपासता येते. एक मोह मात्र मी टाळला. वसतिगृह सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या मुलींशी सरळ तुलना करून ‘बघा, गेट गेलं की फेऱ्या वाढतात’ असं म्हणता आलं असतं. पण ज्यांना रात्री बाहेर जायला आवडतं त्याच कदाचित आधी फ्लॅट घेतात, आणि भाडं परवडणं हा भाग वेगळाच. त्यामुळे शक्य तिथे त्याच मुलीची फ्लॅट घेण्याआधीची आणि नंतरची फेरी विचारते. तेवढ्यानेही प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण वर्ष बदलतं, मैत्रिणी बदलतात, हातात पैसे येतात. प्रबंधात मर्यादा म्हणून तसं लिहिणार आहे.

शेवटचं, फॉर्म वाटण्याबद्दल. वॉर्डनच्या टेबलावर गठ्ठा ठेवून फॉर्म भरून घेणं सगळ्यांत सोपं, आणि सगळ्यांत निरुपयोगी. चिठ्ठीवर ‘काकांकडे’ लिहून मुंबईला गेलेली मुलगी तिथे खरं लिहील कशी? नाव नाही, खोली क्रमांक नाही, वसतिगृहाचं नावही नाही, फक्त गेटची वेळ. आणि फॉर्म कॅन्टीनमध्ये, बंद पेटीत. यामुळे कमी फॉर्म परत येतात. चालेल. प्रस्ताव नैतिकता समितीकडे गेला तेव्हा त्यांनी आणखी एक दुरुस्ती सुचवली, जी मला सुचली नव्हती: प्रवासाची तारीख विचारू नका, फक्त वार विचारा. तारीख आणि गेटची नोंदवही शेजारी ठेवली तर कोण ते पाच मिनिटांत कळतं.