इर्फानव्ह्यू : छोटं, जुनं आणि अजूनही तितकंच चपळ

फोटोवर डबल क्लिक करून गोल फिरणारं चक्र बघत बसायचा कंटाळा आला असेल, तर विंडोजवर इर्फानव्ह्यू हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर टाकून बघा. बोस्नियातल्या यायत्से गावी जन्मलेल्या इर्फान श्किल्यान यांनी १९९६ मध्ये हे आणलं, नावही त्यांचंच. इन्स्टॉलर जेमतेम काही एमबीचा. घरगुती वापराला फुकट. ऑफिसात वापरणार असाल तर मात्र लायसन्स घ्यावं लागतं.

एंटर दाबा, फोटो पूर्ण स्क्रीनभर. स्पेस दाबा, पुढचा. 'टी' दाबलं की फोल्डरमधले सगळे फोटो छोट्या चौकटींत समोर. पण माझा खरा जीव 'बी'वर, म्हणजे एकगठ्ठा बदलांवर! लग्नाचे चारशे फोटो निवडायचे, आकार सांगायचा आणि चहा ठेवायला उठायचं. परत येईपर्यंत सगळे लहान होऊन वेगळ्या फोल्डरमध्ये. नावंही ओळीनं बदलून मिळतात.

प्लगइन्स वेगळे टाकावे लागतात, ते विसरू नका. त्यातल्या एकामुळे जेपीजी फोटो दर्जा न घालवता फिरवता येतो. व्हिडिओही चालतात, पण अख्खा सिनेमा बघायचा असेल तर व्हीएलसी प्लेयरच बरा. दिसायला म्हणाल तर अगदी जुनाट, आणि आयकॉनवरचं ते लाल मांजर... असो!