एकाच बागेतल्या दोन बाटल्या

फ्रान्समधल्या बोर्डोच्या शातो मार्गोचं नाव काढलं की डोळे पांढरे करणारी किंमत आठवते. पण त्याच मळ्यातून ‘पाव्हियों रूज’ नावाची धाकटी वाइनही निघते. तरुण वेलींचा आणि पहिल्या निवडीत न बसलेला माल तिच्यात जातो. मोठी तळघरात वर्षानुवर्षं मुरवायची, धाकटी त्यामानाने लवकर उघडायची. बोर्डोच्या बहुतेक नावाजलेल्या मळ्यांत अशी उतरंड असते, आणि आता दिंडोरी, इगतपुरी, अकलूजकडेही ती उभी राहिली आहे. महाराष्ट्राच्या रेड वाइनकडे ‘नाशिकच्या सहलीत घ्यायची बाटली’ एवढ्याच नजरेनं पाहणं आता पुरे. तिच्यात पाहण्यासारखं खूप आहे.

पावणेदोनशे वर्षांची गुणपत्रिका

बोर्डोत मळ्यामळ्यांमध्येही अशीच उतरंड आहे. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्डोच्या वाइनची प्रतवारी मागवली. दलालांनी सरळ बाजारभाव पाहिले आणि यादी केली. लाफित, लातूर, मार्गो, ओ-ब्रियों हे चार पहिल्या वर्गात. त्या वर्गात आजवर एकच भर पडली: 1973 मध्ये मूतों रोथशिल्डला बढती मिळाली. त्या आदेशावर सही होती तेव्हाच्या कृषिमंत्र्यांची, आणि ते होते पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक.

रंग सालीत

कॅबर्ने सोव्हिन्यॉंचा एक मणी बोटांत चिरडून पाहा. बोरापेक्षाही लहान, साल जाड, आत टणक बिया आणि गर अगदी थोडा. थॉमसनचा लांबट, रसाळ मणी खाणाऱ्याला हा घास नकोसाच वाटेल. आणि रस? जवळजवळ बिनरंगी. बोटांना जांभळा डाग पडतो तो सालीचा. म्हणून रेड वाइन आंबवताना साली रसातच ठेवतात. टाकीत वायू सुटू लागला की साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो. खालचा रस पंपाने उपसून त्या थरावर पुन्हापुन्हा सोडतात, नाहीतर रंग आणि तुरटपणा सालीतच अडकून राहतो. कडक चहासारखा जीभ ओढून घेणारा हा तुरटपणाच वाइनला दीर्घायुष्य देतो.

आणखी एक गंमत. या काळ्या कॅबर्नेच्या आईबापांपैकी एक चक्क पांढरं द्राक्ष आहे, सोव्हिन्यॉं ब्लां. दुसरं कॅबर्ने फ्रां. हे 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात डीएनए तपासून सिद्ध झालं. शिराझ या काळ्या द्राक्षाचीही अशीच गंमत: त्याचा इराणच्या शिराझ शहराशी संबंध नाही, त्याचे दोन्ही पूर्वज फ्रान्सचे.

न झोपणारी वेल

बोर्डोत थंडीत वेल निष्पर्ण होऊन झोपते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. आपल्याकडे वेलीला झोप लागेल अशी थंडीच नाही. म्हणून बागायतदार तिला कात्रीने शिस्त लावतो. एप्रिलात खरड छाटणी: ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, नव्या काड्या तयार व्हाव्यात म्हणून. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी: घड यावेत म्हणून. माल उतरतो जानेवारी ते मार्चमध्ये. बोर्डोची वेल गाढ झोपलेली असते तेव्हा दिंडोरीच्या बागेत मजूर पहाटेच्या गारव्यात क्रेट भरत असतात, कारण ऊन चढलं की घड तापतात आणि क्रेटमध्येच आंबायला लागतात.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती विरळणी. चांगल्या बाटलीसाठी हिरवे घड झाडावरूनच कमी करावे लागतात. भावाची काळजी असलेल्या शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने माल कमी करायचा, याला छाती लागते. महागड्या बाटलीची किंमत इथून सुरू होते.

पिंपाचा हिशेब

बोर्डोचं पिंप 225 लिटरचं, म्हणजे बरोबर 300 बाटल्यांचं. नवं फ्रेंच ओकचं पिंप सहज साठ हजारांच्या पुढे जातं. एकदाच वापरलं तर बाटलीमागे दोनशे रुपये नुसत्या लाकडाचे झाले. रोजच्या वाइनला हा खर्च परवडत नाही, म्हणून ती बहुधा स्टीलच्या टाकीतून थेट बाटलीत जाते. तिच्यात फळाचा ताजेपणा असतो, आणि तो वर्ष-दोन वर्षांत प्यायलेलाच बरा. नाशिकच्या सुला वाइनरीच्या साध्या शिराझनंतर ओकमध्ये मुरलेली ‘दिंडोरी रिझर्व्ह’ आणि त्यावरची ‘रासा’ एकाच बैठकीत घोट-घोट चाखून पाहा. फरक सांगायला जाणकार लागणार नाही.

अकलूजला आलेला इंग्रज

24 मे 1976. पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणाऱ्या स्टीव्हन स्परियर या इंग्रजाने फ्रेंच परीक्षकांना, नावं झाकून, फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला दिल्या. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्स लीप. मूतों आणि ओ-ब्रियों मागे पडल्या. बोर्डोला हा धक्का देणारा हाच माणूस पुढे अकलूजला आला. ऊस आणि लावणी स्पर्धेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाजवळ फ्रातेल्लीच्या बागा आहेत. मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन भावांच्या जोड्यांनी ही वाइनरी उभारली. सातवे टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. त्या सातांवरून वाइनरीच्या मानाच्या रेडचं नाव ‘सेत्ते’. सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉंची ही वाइन ठेवून पिण्याजोगी आहे. स्परियरनी मासींबरोबर ‘एम/एस’ ही मालिका काढली. माळशिरस तालुक्यातल्या मातीवर अशा माणसाने आपलं नाव लावावं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

बोर्डोचा धागा त्याआधीही जुळला होता. बोर्डोतल्या पोमेरोलचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलां 1990 च्या दशकापासून ग्रोव्हर वाइनरीचे सल्लागार होते. ग्रोव्हर मूळ कर्नाटकातल्या नंदी हिल्सचे, पुढे नाशिककडच्या व्हॅली द व्हँ या वाइनरीशी एक झाले.

घरी आणल्यावर

रेड ‘रूम टेंपरेचरला’ द्यायची म्हणतात, ती खोली मात्र युरोपातली, 16 ते 18 अंशांची. पुण्याच्या एप्रिलात बाटली वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. जपायची बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर कधीच ठेवू नका. उष्णतेने तिची वाट लागते. अंधारी, गार जागा हवी, आणि बूच लाकडी असेल तर बाटली आडवी, म्हणजे बूच सुकत नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. जुन्या बाटलीत तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका. आदल्या दिवशी उभी करा आणि हलक्या हाताने ओता.

आणि तांबड्या रश्श्याबरोबर भारी, तुरट कॅबर्ने उघडू नका. तुरटपणा आणि मद्यार्क मिळून तिखट आणखी भडकवतात. तिथे रोजची, मऊ, थोडी गार शिराझ बरी. सेत्तेसाठी सुकं मटण करा, आणि मिरची जरा हात राखून.