डोंगर खचला एकीकडे, ज्वालामुखी फुटला दुसरीकडे!

'विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा ज्वालामुखीचा उद्रेक कुठला?' असं क्विझमध्ये विचारलं, तर बहुतेक जण पिनाटुबो म्हणतील. खरं उत्तर आहे नोव्हारुप्ता! नाव ऐकलं नाही ना? साहजिकच आहे. ही जागा अलास्कातल्या कॅटमाय नॅशनल पार्कच्या रानात आहे. बाहेरून तिथे रस्ता जातच नाही. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने किंवा बोटीने ब्रुक्स कॅम्प गाठायचा (तिथे अस्वलं फिरत असतात!), मग सुमारे 37 किलोमीटर बस आणि पुढे पायपीट.

6 जून 1912 रोजी उद्रेक सुरू झाला आणि साधारण 60 तास चालला. 170 किलोमीटरवरच्या कोडियाक गावात राखेमुळे असा अंधार झाला की हातभर अंतरावरचा कंदील दिसेना. जवळची कॅटमाय आणि सावोनोस्की ही मूळ रहिवाशांची गावं कायमची ओस पडली.

1916 मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीतर्फे गेलेले वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज एका खोऱ्यात पोचले. जमिनीतून हजारो ठिकाणी वाफ निघत होती! त्यांनी नाव दिलं 'दहा हजार धुरांचं खोरं'. गरम राखेखाली नद्या आणि बर्फ गाडले गेले होते, त्या पाण्याची ही वाफ. राख थंड होत गेली तशी वाफही संपली. आज धूर जवळजवळ नाही, नाव मात्र टिकलंय.

आता खरी गंमत. कॅटमाय पर्वताचा माथा गायब होऊन तिथे मोठा खड्डा पडला होता. मग उद्रेक तिथेच झाला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. पण 1950 च्या दशकात गार्निस कर्टिस यांनी ठिकठिकाणी राखेच्या थरांची जाडी मोजली. जाडी कॅटमायकडे नाही, तर 10 किलोमीटर दूर असलेल्या नोव्हारुप्ताकडे वाढत जात होती!

म्हणजे झालं काय? कॅटमायखालचा शिलारस जमिनीखालून आडवा वाहत गेला आणि नोव्हारुप्तातून बाहेर पडला. आपल्या हॉस्टेलवर तळमजल्याचा नळ उघडा राहिला की गच्चीवरची टाकी रिकामी होते ना, साधारण तसंच. फरक एवढाच की इथे टाकीच्या वर अख्खा डोंगर होता. खालचा आधार गेला आणि माथा खाली बसला. त्या खड्ड्यात आता तळं आहे, आणि नोव्हारुप्ताच्या तोंडावर जेमतेम 65 मीटर उंचीचा लाव्हाचा घुमट. बघून कोणाला संशयही येणार नाही!

एवढ्या दूरच्या रानाशी आपला काय संबंध? अमेरिका-आशिया विमानं याच भागावरून जातात आणि राख इंजिनात गेली तर इंजिन बंद पडू शकतं. म्हणून अलास्का व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी इथल्या डोंगरांवर सतत लक्ष ठेवते.

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण रीडिंग घेतो ते फक्त सबमिशनपुरतं. पण समोर दिसणारा पुरावा वेगळंच सांगत असताना खरं उत्तर शेवटी अशा साध्या रीडिंगनेच दिलं, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.