कढीपत्त्यावरची हिरवी माशी आणि माझी 43 चुकीची लेबलं

ज्यांनी हा एपिसोड लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. शब्दाला शब्द नाहीये. बोलताना मी दोन ठिकाणी 'या सगळ्या डोलिकोपसच' असं बोलून गेलोय. ते चूक आहे, इथे दुरुस्त केलंय. गंमत म्हणजे आजचा विषयच चुकीच्या नावांचा आहे.

आम्ही कोपरीत राहतो, ठाणे पूर्वेला. ग्रिलमध्ये आईच्या कुंड्या आहेत: तुळस, कढीपत्ता, एक न फुलणारा मोगरा. वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत मीटिंग लांबली की मी कॅमेरा बंद करून तिकडे बघत बसायचो. पानावर एक बारीकशी माशी यायची. तांदळाच्या दाण्याएवढी, अंग धातूसारखं हिरवं, मध्येच सोनेरी. पाय एवढे लांब की जणू काठ्यांवर उभी आहे. आई तिला चिलट म्हणते. ती चावत नाही, अन्नावर बसत नाही. पानावरचे मावा, फुलकिडे असले मऊ अंगाचे किडे पकडून खाते. म्हणजे तशी आपल्याच बाजूची.

फोटो काढायला गेलो तर फ्लॅश उडाला की पान रिकामं. मला वाटलं, आपला हात हलतो. मग वाचलं की 2011 मध्ये फ्लोरिडात आंद्रेई सोराकोव्ह यांनी हिच्याच नात्यातल्या माशीवर हेच तपासलंय. प्रकाश चमकल्यापासून साधारण 5 मिलिसेकंदांत ती दचकून हलते. आमच्या ऑफिसचा सर्व्हर याच्या दहापट वेळ नुसता हॅलो म्हणायला घेतो.

शेवटी फ्लॅश बंद करून सकाळच्या उन्हात फोटो मिळाले. फोटो ओळखणाऱ्या एका ॲपला दिले. त्याने झटक्यात नाव सांगितलं: कंडिलोस्टायलस, आणि पुढे एका अमेरिकन जातीचं नाव. मी खूश. एकूण 43 फोटो त्याच नावाने चढवले. एवढंच नाही, भाचीच्या शाळेच्या प्रकल्पाला 'आपल्या परिसरातील कीटक' हा विषय होता, तिथेही तिला तेच नाव लिहून दिलं. मामा बीटेक आहे म्हटल्यावर कोण शंका घेणार?

दोन महिन्यांनी कुठल्यातरी परक्या देशातल्या एका माणसाने एका फोटोखाली एकच प्रश्न विचारला: हे नाव कशावरून ठरवलंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ॲपने सांगितलं, हे काही उत्तर नाही ना.

तेव्हापासून मी या माश्यांच्या नादाला लागलो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. शाळेच्या पुस्तकात क्रम असा होता: कुल, प्रजाती, जाती. म्हणजे जीनस ती प्रजाती आणि स्पीशीज ती जाती. पेपरवाले सर्रास वाघाला 'प्रजाती' म्हणतात, त्यामुळे डोक्यात गोंधळ होतो. मी इथे पुस्तकाप्रमाणेच चाललोय.

आपल्या माशीचं कुल डोलिकोपोडिडी. ग्रीकमध्ये डोलिकोस म्हणजे लांब आणि पूस म्हणजे पाय. जगभरात या कुलातल्या 7,000 हून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. कुलाला जिच्यावरून नाव मिळालं ती प्रजाती डोलिकोपस, लात्रेय यांनी 1796 मध्ये केलेली. तिच्यात साधारण 600 जाती आहेत, बहुतेक उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या. तिच्यातल्या प्लुमिपेस नावाच्या जातीत नराच्या मधल्या पायांवर पिसासारखी झालर असते, मादीला इम्प्रेस करायला. ही झालर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नाव लिहायची एक पद्धत बघा, मला ती फार आवडली. लिनियसने 1758 मध्ये एका माशीला मुस्का अंगुलाटा म्हटलं. त्या काळी जवळपास प्रत्येक माशी 'मुस्का'मध्येच जायची, आपल्या डाउनलोड्स फोल्डरसारखी. पुढे ती डोलिकोपसमध्ये हलवली. आज तिचं नाव लिहितात तेव्हा लिनियस आणि 1758 हे कंसात येतं. कंस म्हणजे 'मूळ फोल्डर वेगळा होता'. गिटच्या दीड-दोनशे वर्षं आधी या लोकांनी रीनेमची नोंद ठेवायची सोय करून ठेवली होती.

पण आमच्या ग्रिलमधली माशी डोलिकोपस नाही. ती सियापोडिनी या उपकुलातली. खूण सोपी आहे. समोरून बघितलं तर दोन डोळ्यांच्या मध्ये डोकं खोल खचलेलं दिसतं, आणि पंखातली एक मोठी शीर टोकाकडे दुभंगते. एवढं चांगल्या फोटोत दिसतं. इथपर्यंत कोणीही पोहोचेल. खरी भानगड पुढे आहे.

1824 मध्ये मायगेन या जर्मन अभ्यासकाने अशा माश्यांसाठी सिलोपस ही प्रजाती केली. छान नाव. पण इटलीच्या पोली यांनी 1795 मध्येच हे नाव एका मृदुकाय प्राण्याला देऊन टाकलेलं होतं! प्राण्यांच्या नावांचा नियम कडक आहे: एक प्रजाती-नाव संपूर्ण प्राणिसृष्टीत एकदाच. झाडाचं तेच नाव असलं तर चालतं, त्यांची नियमावली वेगळी. आपल्या भाषेत सांगायचं तर नेमस्पेस कॉन्फ्लिक्ट. मग 1842 मध्ये झेलर यांनी सियापस हे नाव दिलं. उपकुलाचं नाव त्यावरूनच आलं.

नाव बदललं तरी कोड तोच राहिला. जगभरच्या हिरव्या, लांब पायांच्या माश्या आधी सिलोपसमध्ये कोंबल्या होत्या, मग सियापसमध्ये कोंबल्या गेल्या. मधल्या काळात क्रायसोसोमा (1831), कंडिलोस्टायलस (1859), अँब्लिप्सिलोपस (1888) या प्रजाती झाल्या, पण कोणती माशी कुठे ठेवायची यावर एकमत नाही. 1994 मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे डॅनियल बिकेल यांनी मोठं रिफॅक्टरिंग केलं. विषय ऑस्ट्रेलियाचा, पण त्यासोबत आशियाचा आढावा आणि जगभरच्या उपकुलाची मांडणी. त्यात सियापस मुख्यतः उत्तरेकडची प्रजाती म्हणून आटोपशीर झाली, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जाती इतर प्रजातींत गेल्या.

आता माझ्या ॲपकडे या. कंडिलोस्टायलसच्या बहुतेक जाती अमेरिका खंडांतल्या. क्रायसोसोमाच्या 200 हून जास्त जाती आपल्या बाजूच्या जगातल्या. ॲपला शिकवायला फोटो कुठून मिळाले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. हिरवी, चकाकती, पंखावर पट्टे: त्याच्या मते अमेरिकन. आणि मी त्याच चुकीची 43 लेबलं परत सिस्टममध्ये ढकलली होती. उद्या डोंबिवलीत कोणी फोटो काढला तर ॲप माझ्याच फोटोंचा दाखला देणार. ट्रेनिंग डेटा बिघडवणाऱ्यांना मी ऑफिसात शिव्या घालतो.

मग जात ठरवतात कशी? शृंगिकेचा आकार, तिच्यावरचा केस कुठून निघतो, छातीवरचे राठ केस किती, पंखाची शीर कशी वळते, आणि मुख्य म्हणजे नराचे पाय आणि त्याचं जननांग. ती झालर आठवतेय? सियापोडिनीतही पुष्कळदा जातीची ओळख नराच्या असल्याच सजावटीत असते. मादी बिचारी साधी, दोन जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर अनेकदा तज्ज्ञही थांबतो. माझ्या 43 फोटोंत नर किती होते तेही मला सांगता येईना.

एवढी चिकित्सा कशाला, असं भाचीच्या बाबांनी विचारलंच. त्यांना मी जलपर्णीचं उदाहरण दिलं. उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिकडे याच कुलातल्या थ्रिप्टिकस प्रजातीच्या अळ्या तिच्या देठात बोगदे करून राहतात. कुलातल्या बहुतेक अळ्या शिकारी, ही शाकाहारी, म्हणजे अपवाद. या माश्या एकच जात नसून अनेक जवळच्या जाती आहेत, आणि त्यांतल्या काहींना बिकेल आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये कुठे नावं दिली. जलपर्णी खायला एखादा कीटक दुसऱ्या देशात सोडायचा, तर तो दुसरं कुठलं झाड खात नाही ना, हे पक्कं हवं. शेजारची जात चुकून सोडली तर? तिथे 'हिरवी लांब पायांची' एवढं पुरत नाही.

एका रविवारी ओहोटीच्या वेळी भाचीला घेऊन मीठबंदरला गेलो. खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य इथून खाली, ऐरोली पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत. 2015 मध्ये ते जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत गेलं. आमच्या बाजूला फ्लेमिंगोंचे फोटोवाले कमीच येतात. तिवरांखालच्या ओल्या चिखलावर बारीक करड्या-हिरव्या माश्या धावत होत्या, उडण्यापेक्षा धावणंच जास्त. लांब पायांच्याच वाटल्या. या कुलात थिनोफिलससारख्या प्रजाती खास चिखल आणि वाळूच्या किनाऱ्यांवर राहतात. पण मी या वेळी कुठलंही नाव चिकटवलं नाही. सिंगापूरमध्ये डीएनए बारकोडिंगने 1,40,000 हून जास्त कीटक तपासले आणि 2021 मध्ये निकाल छापला: एकट्या कांदळवनात साधारण 3,000 जाती. झाडांच्या जाती मोजक्या, कीटकांच्या हजारो. आपल्या खाडीच्या चिखलाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. वास आहेच, तो काही गेला नाही.

घरी येऊन मी 43 च्या 43 लेबलं मागे घेतली आणि सगळीकडे उपकुलापर्यंतच नाव ठेवलं. भाचीची वही शाळेतून परत आली होती. पूर्ण मार्क. तिने वाकडं तोंड करून विचारलं, "मामा, मग हिचं खरं नाव काय?" म्हटलं, उपकुल सियापोडिनी, जाती ठरायची आहे. तिने जुनं नाव एका रेघेने खोडलं, वर नवं लिहिलं आणि बाजूला तारीख टाकली.

तुमच्या ग्रिलमध्ये ही माशी आली तर फ्लॅश बंद ठेवा आणि चार फोटो घ्या: एक बाजूने, एक वरून पंख दिसतील असा, एक समोरून डोक्याचा, आणि एक पुढच्या पायांचा. नर मिळाला तर सोन्याहून पिवळं. ॲप जे सांगेल ते नाव लगेच स्वीकारू नका, आधी पंखातली ती दुभंगलेली शीर शोधा.