सेक्रेटेरियटच्या सावलीतला शॅम

अमेरिकी घोडदौडीच्या इतिहासात १९७३ हे वर्ष सेक्रेटेरियटचे मानले जाते. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेल्मॉन्ट या तीन शर्यतींचा तिहेरी मुकुट त्याने २५ वर्षांच्या खंडानंतर जिंकला. तिन्ही शर्यतींत त्याने नोंदवलेल्या वेळा अर्धशतक उलटले तरी कोणाला मोडता आलेल्या नाहीत. या विक्रमांच्या झगमगाटात एक घोडा मात्र पार झाकोळून गेला. त्याचे नाव शॅम. दुसऱ्या कोणत्याही वर्षी जन्मला असता, तर कदाचित तोच त्या पिढीचा नायक ठरला असता.

दोघेही १९७० च्या वसंतातले, वयात जेमतेम दहा दिवसांचे अंतर. आजोळही एकच, कारण दोघांच्या माता प्रिन्सक्विलो या नामांकित घोड्याच्या कन्या. शॅमचा जन्म केंटकीतील प्रख्यात क्लेबोर्न फार्मवर झाला. १९७२ मध्ये फार्मचे मालक बुल हॅनकॉक यांचे निधन झाले आणि त्यांचे घोडे लिलावात निघाले. सिग्मंड सॉमर यांनी शॅमला दोन लाख डॉलरना विकत घेतले आणि ट्रेनर फ्रँक ‘पांचो’ मार्टिन यांच्या हाती सोपवले. पुढच्याच वसंतात त्याने कॅलिफोर्नियातील सांता अनिता डर्बी जिंकली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या वुड मेमोरियल शर्यतीत त्याने चक्क सेक्रेटेरियटला मागे टाकले. पण त्या दिवशीही पहिला क्रमांक त्याच्या नशिबी नव्हता. सेक्रेटेरियटच्याच तबेल्यातल्या अँगल लाइटने त्याला अगदी थोडक्यात हरवले. सेक्रेटेरियटच्या तोंडात गळू झाले होते, हे नंतर समजले.

५ मे १९७३ रोजी केंटकी डर्बी सुरू होतानाच शॅमचे डोके स्टार्टिंग गेटवर आदळले आणि त्याचे दोन दात निखळले. त्या अवस्थेतही जॉकी लाफिट पिंकायने त्याला अखेरच्या वळणावर आघाडीवर नेले. सरळ मार्गावर मागून आलेल्या सेक्रेटेरियटने त्याला गाठले आणि अडीच लांबींनी शर्यत जिंकली. वेळ होती १ मिनिट ५९.४ सेकंद. तोवरचा डर्बीचा विक्रम होता नॉर्दर्न डान्सरचा, १९६४ मधला, बरोबर दोन मिनिटांचा. त्या काळी अधिकृत नोंद केवळ विजेत्याच्या वेळेची होत असे. मात्र अडीच लांबी म्हणजे साधारण अर्धा सेकंद. या हिशेबाने शॅमनेही दोन मिनिटांच्या आतच शर्यत पूर्ण केली होती. दात गमावून, जुना विक्रम मागे टाकूनही तो हरला होता! तिसरा आलेला अवर नेटिव्ह त्याच्याही आठ लांबी मागे होता.

दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये हाच निकाल जसाच्या तसा लागला. पुन्हा अडीच लांबींचा पराभव आणि तिसऱ्या घोड्याला पुन्हा आठ लांबी मागे टाकणे.

उरली ९ जूनची बेल्मॉन्ट. दीड मैलाची ही शर्यत तिघींमध्ये सर्वांत लांब आणि शक्ती राखून धावण्याची. पण मार्टिन यांनी शॅमला सुरुवातीपासूनच सेक्रेटेरियटला भिडवण्याचे ठरवले. सहा फर्लांगांपर्यंत दोघे इतरांना मागे सोडून झुंजत राहिले आणि हे अंतर त्यांनी १ मिनिट ९.८ सेकंदांत कापले. एवढ्या लांब शर्यतीसाठी हा वेग अक्षरशः आत्मघातकी होता. तो सेक्रेटेरियटला पेलला, शॅमला नाही. सेक्रेटेरियट ३१ लांबींनी जिंकला आणि शॅम पाच घोड्यांत शेवटचा आला. या विजयाचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : सुरुवातीला त्या वेगाने सोबत धावणारा कोणी नसता, तर २ मिनिटे २४ सेकंदांचा तो विक्रम झाला असता की नाही, याची शंकाच आहे.

शॅमची ती अखेरची शर्यत ठरली. जुलैमध्ये त्याच्या पायाच्या हाडाला चीर गेल्याचे निदान झाले आणि अवघ्या १३ शर्यतींनंतर त्याची कारकीर्द आटोपली. त्यांत पाच विजय आणि पाच दुसरे क्रमांक. पुढील आयुष्य त्याने केंटकीतील स्टड फार्मवर काढले. ज्या क्लेबोर्नवर तो जन्मला, तिथे निवृत्तीनंतर मानाने राहायला गेला सेक्रेटेरियट, आणि १९८९ मध्ये त्याचे दफनही तिथेच झाले.

३ एप्रिल १९९३ रोजी शॅम हृदयविकाराने मरण पावला. पशुवैद्यक थॉमस स्वेर्चेक यांनी त्याचे हृदय तोलले, तेव्हा ते १८ पौंड, म्हणजे आठ किलोंहून अधिक भरले. सर्वसाधारण शर्यतीच्या घोड्याच्या हृदयाच्या जवळजवळ दुप्पट. सेक्रेटेरियटचे हृदयही स्वेर्चेक यांनी शवविच्छेदनात पाहिले होते, पण तोलले नव्हते. शॅमचे वजन हाती आल्यावर त्यांनी त्याचा अंदाज वर्तवला : २२ पौंड. पुढे सर्वतोमुखी झाला तो हाच आकडा.