चांगली दाढ उपटली, तर दाद कुठे मागायची?



ऊसनोंदीसाठी गटात फिरताना आम्हाला एक सभासद भेटले. त्यांची दुखरी दाढ तशीच राहिली आणि शेजारची चांगली निघाली. "नशीब आपलं," म्हणून ते गप्प बसले होते. पण हे नशीब नव्हे, हलगर्जीपणा आहे.

पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. दातांचे उपचारही त्यातच मोडतात. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत भरपाई मागता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. उपचाराला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर फीही नाही.

मात्र नुसती सूज आली, दुखले, एवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाही. जाणकार डॉक्टरने घ्यायची काळजी घेतली नाही, हे आपल्यालाच दाखवावे लागते. म्हणून चिठ्ठी, एक्स-रे, पावती जपा. दुसऱ्या दंतवैद्याचे मत लेखी घ्या. काट्यावरची वजनपावती आपण कधी सोडत नाही; मग दवाखान्यातली पावती मागायला लाज कसली?