वावरातलं हरीण आणि बेड्यावरचा फास

मृगाचा पाऊस होऊन सोयाबीन दोन पानांवर आलं की रिसोड तालुक्यातल्या शेतकऱ्याची रात्र वावरात जाते. पैनगंगेच्या काठापासून वर बरडापर्यंत जिथे म्हणून कोवळं हिरवं दिसतं, तिथे पहाटे हरणांचा कळप उतरतो. उजाडल्यावर धुऱ्यावर उभं राहून पाहावं, तर तासातासानं शेंडे खुडलेले आणि त्याहून जास्त रोपं चिखलात दाबलेली. 'हरीण खाते कमी अन् तुडवते जास्त' हे इकडच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. त्याच्या पाठोपाठ हमखास दुसरं वाक्य येतं, 'पहिले पारधी तरी होते.'

या दुसऱ्या वाक्यात वऱ्हाडातल्या शिकारीचा निम्माअधिक इतिहास आहे. ते म्हणणाऱ्या माणसाला पारधी शेजारी नको असतो, गावात चोरी झाली की त्याचा पहिला संशय पारध्यांच्या वस्तीवर, बेड्यावरच जातो. पण सोयाबीन तुडवलं गेलं की आठवण त्याचीच होते.

आधी हरीण म्हणजे कोण, ते पाहू. वऱ्हाडात हरीण म्हटलं की बहुतेक वेळा काळवीटच समोर असतं. नर वरून काळा, पोटाखाली पांढरा, डोक्यावर पिळदार शिंगं. मादी आणि पाडसं मातकट. शास्त्राच्या हिशेबानं काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही हे सगळे गाय-शेळीच्या कुळातले. त्यांची शिंगं एकदा आली की आयुष्यभर डोक्यावर राहतात. चितळ, सांबर आणि भेकर हे खरे मृगकुळातले. त्यांची शिंगं ठरावीक काळानं गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. हा फरक पुस्तकी वाटेल, पण शिकाऱ्याच्या लेखी तो जमिनीचा फरक होता. सांबर डोंगरउताराच्या दाट झाडीतलं, त्याला हाका करून हुसकावावं लागतं. काळवीट उघड्या माळावरचं. त्याचा भरवसा लपण्यावर नाही, लांबवर दिसण्यावर आणि पळण्यावर. जिवाच्या आकांतानं सुटलेलं काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग घेतं. त्याच्यामागे धावून उपयोग नाही.

रिसोडचा मुलूख या दोन्ही प्रकारांच्या सीमेवर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगा बुलडाण्याकडून येत येत इथे वितळून जातात आणि उरतात ती मुरमाड टेकाडं, नाले, मध्येच सपाट काळी जमीन. पश्चिमेला लोणारचं विवर, त्यापलीकडे ज्ञानगंगेचं जंगल; उत्तरेला काटेपूर्णा अभयारण्य, तिथला चौशिंगा जाणकारांत प्रसिद्ध. वाशीम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कारंजा-सोहोळ, खास काळविटांसाठी २००० साली जाहीर झालेलं सुमारे अठरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य. आणि या सगळ्यांच्या मधे जे आहे त्याला महसुली भाषेत 'ई-क्लास' म्हणतात. गावोगावची ही चराईची सरकारी जमीन. हरणांचं खरं घर तिथेच होतं.

पळणाऱ्या जनावराला उघड्यावर धरायचं कसं, याचं फासेपारध्यांनी काढलेलं उत्तर मला अजूनही चकित करतं. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. होते फास: दोरीला ओळीनं बांधलेले, खुंट्यांनी जमिनीत रोवलेले, गवतात दिसेनासे होणारे. कळप कुठे चरतो, पाण्याला कुठून जातो, बिचकला तर कोणत्या बाजूला वळतो, हे आधी पाहून ठेवलेलं. मग त्या वाटेवर फासांची रांग मांडायची. पुढचं काम गाईचं. खास शिकवलेली गाय चरत चरत कळपाकडे निघते, तिच्या आडोशानं वाकून पारधी चालतो. हरणं गाईला भीत नाहीत. ती फक्त थोडी बाजूला सरकतात, पुन्हा चरतात, पुन्हा सरकतात. घाई केली तर कळप उधळतो आणि दिवस वाया जातो. म्हणून गाय थांबली की माणूस थांबतो, तिनं तोंड खाली घातलं की तोही बसतो. असं तासन् तास कळपाला सरकवत सरकवत फासांच्या तोंडाशी आणायचं आणि मग एकदम उठून ओरडायचं.

हे एकट्याचं काम नव्हतंच. फास रोवायला भाऊ, बाजू अडवायला मेव्हणा, लांबून इशारा द्यायला पोरगं. बेडा म्हणजे नात्यागोत्यातली पाच-दहा घरं, आणि शिकार त्या नात्यांवरच उभी असे. लावे-तितर पकडण्याचे बारीक फास वेगळे. तित्तिराच्या हाकेची हुबेहूब नक्कल पोरं चालायला लागतात तेव्हापासूनच शिकत.

कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास करून १९८३ मध्ये निबंध प्रसिद्ध केले. त्यांतलं निरीक्षण असं, की एकाच मुलखात फिरणाऱ्या नंदीवाले, वैदू आणि फासेपारध्यांनी रानातलं सावज जणू आपसात वाटून घेतलं होतं. नंदीवाले कुत्री घेऊन साळिंदर, घोरपडीच्या मागे. वैदू सापळे लावून मुंगूस-रानमांजरासारख्या लहान शिकारी प्राण्यांच्या मागे. फासेपारध्यांकडे काळवीट आणि पाखरं. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी ते सोडून देत, अशीही नोंद गाडगीळांनी केली आहे. हे काही दयेपोटी असेल असं मला वाटत नाही. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच माळावर यायचंय, त्याचा तो साधा हिशेब. अर्थात हा हिशेब सगळीकडे, सगळ्यांनी पाळलाच असेल, असं समजून हळवं होण्याचंही कारण नाही.

आणि हे धरलेलं जनावर खाणारं कोण होतं? बेड्यावर काही वाटे राहत, बाकी गावात जाई. तित्तिर बाजाराच्या दिवशी जिवंत विकले जात. हरणांनी हरभरा खाल्ला की पाटील स्वतः पारध्याला बोलावून घेई आणि धान्य देई. म्हणजे शिकार पारध्याची, गरज आणि जीभ गावाची. पण शिक्का एकट्या पारध्यावर बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मालाच गुन्हा ठरवण्याची जी रीत सुरू केली, तिच्या कचाट्यातून या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सुटल्या. निदान कागदावर.

दुसऱ्या बाजूला साहेब आणि संस्थानिकांची शिकार होती, तिला 'खेळ' म्हणत. कोल्हापूरच्या दरबारी पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली, त्यामुळे इथे राजेशाही थाट कमी; इथे परवान्याची बंदूक. मात्र हरणांचा खरा संहार यांतल्या कशानंच केला नाही. तो झाला दुसऱ्या महायुद्धानंतर, जीप आणि प्रखर दिवा एकत्र आल्यावर. रात्री दिव्याच्या झोतात काळवीट जागच्या जागी उभं राहतं, डोळे चमकतात, आणि चालत्या गाडीतून कोणीही बार काढू शकतो. त्यात 'अधिक धान्य पिकवा'चे दिवस, पीक संरक्षणासाठी सढळ हातानं दिलेले बंदुकीचे परवाने. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात ऐंशी हजारांच्या आसपास काळविटं असावीत आणि १९६४ पर्यंत ती आठेक हजारांवर आली, असा अंदाज नेहमी दिला जातो. आकडे कमीजास्त धरले तरी दिशा स्पष्ट आहे. ज्या वेगानं ही घसरण झाली तो फासाचा वेग नव्हे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात परवाना काढून शिकारीला जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही संपली. आज काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकार केल्यास किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान पंचवीस हजार रुपये दंड. हा कायदा काय करू शकतो ते लोकांना कळलं सलमान खानच्या खटल्यामुळे. १९९८ मधल्या काळवीट शिकारीसाठी २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयानं त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. जामीन किती दिवसांत मिळाला तेही लोकांना कळलं. फासासकट पकडलेल्या पारध्याला जामीनदार मिळायला किती काळ लागतो, याची बातमी होत नाही.

कायदा योग्यच होता. तो नसता तर वाशीम जिल्ह्यात आज तुडवायला काळवीट उरलं नसतं. पण त्यानं फक्त बंदूक आणि फास थांबवले, गवताला हात लावला नाही. ई-क्लासवर अतिक्रमणं झाली, मुरूम काढला गेला, उरलेल्या जागी 'पडीक' म्हणून झाडं लावली गेली. माळाला ओसाड समजून त्यावर गिरिपुष्पाच्या रांगा लावणं हा आपल्याकडच्या वृक्षारोपणाचा मोठा अडाणीपणा आहे. काळविटाला दूरवर दिसलं पाहिजे. झाडोरा दाटला की ते जागा सोडतं. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं गेली, त्यांच्या जागी आलं शेजारच्या वावरातलं सोयाबीन आणि हरभरा. कळप 'वाढले' म्हणण्यापेक्षा ते वावरात ढकलले गेले, असं म्हणणं जास्त खरं.

मग शेतकरी काय करतो? धुऱ्याभोवती जुन्या साड्या बांधतो. रिसोडहून कुठल्याही रस्त्यानं निघा, पावसाळ्यात लाल-पिवळ्या साड्यांची कुंपणं दिसतात. पहिल्या आठवड्यात हरीण बुजतं, दुसऱ्या आठवड्यात साडीखालून वाकून आत येतं. ज्याला परवडतं तो सौरऊर्जेवरचं झटका मशीन बसवतो. काही जण थेट विजेची तार सोडतात; तो गुन्हा आहे आणि तिला चिकटून जनावरांबरोबर माणसंही मरतात. रोही आणि रानडुकराच्या बाबतीत २०१५ मध्ये राज्य सरकारनं अटी घालून परवानगीनं मारण्याची वाट मोकळी केली. काळविटाला ती लागू नाही, आणि नसावी. नुकसानभरपाईची तरतूद आहे. अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणं यांतून गेलेला माणूस तिच्याबद्दल काय बोलतो ते छापता येत नाही.

इथे कोणीतरी अमेरिकेचं उदाहरण देतंच. नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या वर्षी नवल वाटतं, की थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असते, कारण हरणांच्या शिकारीचा हंगाम. २०१९ पासून हंगाम शनिवारी सुरू होतो, पण सोमवारची सुट्टी बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. आजोबा, बाप, मुलगी, मित्र असे भगव्या रंगाची जाकिटं घालून डोंगरात जातात. एका परवान्यावर ठरलेलीच जनावरं. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या कामाला जातो. ऐकायला सगळं छान. पण अमेरिकेच्या बहुतेक भागांतले लांडगे-पहाडी सिंह मारून टाकल्यावर पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही कोटींवर गेली आहे, आणि रानातलं मांस बाजारात विकायला बंदी आहे. आपल्याकडे काळवीट तुकड्या-तुकड्यांच्या माळांवर कसंबसं टिकलंय, आणि भक्षक पूर्ण संपलेले नाहीत. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला गळापट्टा घातलेला वाघ मराठवाडा-विदर्भाचे जिल्हे तुडवत ज्ञानगंगेपर्यंत गेला, तो याच शेतांच्या कडेकडेनं. त्याच्या वाटेवर रोही आणि रानडुकरं नसती तर तो इतका लांब पोचला नसता. आता त्या वाटेत समृद्धी महामार्ग आडवा आहे. जनावरांसाठी त्याच्याखालून मार्ग ठेवले आहेत, पण मार्गाच्या दोन्ही तोंडांशी गवत टिकलं तरच कोणी त्यात शिरेल.

मला या प्रश्नात आशेचं काही दिसतं ते बेड्यावरच. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था बरीच वर्षं फासेपारध्यांबरोबर काम करते आहे. तणमोरासारखा पावसाळी गवतात विणीला येणारा दुर्मीळ पक्षी शोधताना दुर्बिणीवाल्यांच्या आधी पारध्याची नजर कामी आली. काही बेड्यांनी भोवतालच्या माळाचे तुकडे राखायला घेतले: ठरावीक काळ चराई बंद, आग लागू द्यायची नाही, बी पडल्याशिवाय कापणी नाही. दोन-तीन पावसाळ्यांत पवन्या परततो, त्यामागे लावे, त्यामागे ससे. ज्यांचे आजोबा तित्तिराची हाक पाखरं पकडण्यासाठी शिकले, ती पोरं तीच हाक मोजणीसाठी वापरतात.

पावसानंतरच्या चिखलात उमटलेला ठसा पाहून बेड्यावरचा म्हातारा सांगतो: हा काळविटाचा, टोकदार आणि अरुंद, हा रोह्याचा, रुंद आणि खोल, नर एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालतो म्हणजे ही त्याची हद्द, मादीबरोबर पाडस होतं, कारण दोन लहान खूर मोठ्याच्या मागेमागे आहेत. हे ज्ञान अजून एका पिढीपुरतं शिल्लक आहे. वनखात्यात शिरायची बेड्यावरच्या पोरांची वाट मात्र वनरक्षक भरतीतून जाते. तिथे मुलांना पाच किलोमीटर धावायचं असतं, मुलींना तीन, आणि त्याखेरीज मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान व बुद्धिमापनाचा पेपर. ठसा कोणाचा, हे त्यात कोणी विचारत नाही.